घरगुती इंटरनेटची डेटा मर्यादा आणि दर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फायबर आले, 'अनलिमिटेड'चा रिचार्ज झाला आणि तरीही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलांचा ऑनलाइन वर्ग अडकू लागला, हा अनुभव अनेक घरांत येतो. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या कमिटीवर इंटरनेटच्या तक्रारींचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. शेजाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. दर आणि योजना बदलत राहतात, म्हणून रिचार्ज करण्यापूर्वी आपल्या कंपनीचा ताजा तक्ता अवश्य पाहावा.

योजनेचे नाव 'अनलिमिटेड' असताना त्यात मर्यादा कशी काय असू शकते?

ठरावीक डेटा वापरून झाला की इंटरनेट बंद पडत नाही, फक्त वेग कमी होतो, आणि तेवढ्या आधारावर कंपन्या योजनेला 'अनलिमिटेड' म्हणतात. या अटीला 'फेअर युसेज पॉलिसी' किंवा थोडक्यात एफयूपी असे नाव आहे. देशातील मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक फायबर योजनांत ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी, म्हणजे ३.३ टीबी असते. तारेऐवजी अँटेनावरून मिळणाऱ्या घरगुती सेवेत ती साधारण १००० जीबी असते.

माझ्या मते या वादातील सर्वांत मोठा अन्याय मर्यादेच्या आकड्यात नसून या एका शब्दात आहे. मोठ्या अक्षरांत 'अमर्याद' लिहायचे आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मर्यादा सांगायची, हे ग्राहकाशी सरळ वागणे नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. जाहिरातीखालच्या टिपेने मूळ दाव्याला छेद देऊ नये, ती दाव्याच्याच भाषेत असावी आणि तिची अक्षरेही दाव्यासारखीच असावीत, असे त्यांत म्हटले आहे. मराठी फलकाखाली इंग्रजीत बारीक टीप दिसली, तर तिचा फोटो काढून ठेवावा. तक्रारीत तो उपयोगी पडतो.

३३०० जीबी म्हणजे नेमके किती? सामान्य घराला ते पुरते का?

बहुतेक घरांना पुरते, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला ११० जीबी होतात. एचडी दर्जाच्या चित्रपटाला तासाला सुमारे ३ जीबी लागतात, म्हणजे एका दिवसाच्या वाट्यात छत्तीस तासांचे एचडी बसते. फोरके दर्जाला तासाला सुमारे ७ जीबी लागतात. त्या हिशेबाने रोजचे पंधरा तास होतात. चार माणसांच्या घरात दोन टीव्ही रोज पाच-पाच तास फोरकेवर चालले, तरी ७० जीबीच खर्च होतील.

त्यामुळे 'मर्यादा फार कमी आहे' ही तक्रार फायबरच्या बाबतीत सहसा टिकत नाही. १००० जीबीच्या योजनेचा हिशेब मात्र वेगळा आहे. तेथे दिवसाला केवळ ३३ जीबी येतात, आणि वर सांगितलेले दोन टीव्ही महिना अर्धा होताच ती मर्यादा संपवतील.

मग आमचा डेटा महिना संपण्याआधीच कसा संपला?

माझ्याच घरी हे घडले आहे. एका जानेवारीत २१ तारखेच्या सकाळी सगळे काही मुंगीच्या पावलाने चालू लागले. कंपनीच्या केंद्रावर फोन केला तेव्हा 'तुमचा कोटा संपला' एवढेच उत्तर मिळाले. घरात दोघेच माणसे, टीव्ही संध्याकाळी दोन तास, हिशेब जुळेना. शेवटी राउटरच्या पानावर जाऊन कोणते उपकरण किती डेटा घेते हे पाहिले, तर यादीत सर्वांत वर दिवाळीत बसवलेले चार सीसीटीव्ही कॅमेरे होते. ते दिवसरात्र चित्रीकरण करून सगळे क्लाउडवर पाठवत होते.

हिशेब अगदी साधा आहे. प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेगाने चित्र पाठवत असेल, तर चार कॅमेऱ्यांचे ८ एमबीपीएस होतात; आठ मेगाबिटचा एक एमबी, म्हणजे सेकंदाला १ एमबी होतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एका दिवसाचे ८६.४ जीबी आणि तीस दिवसांचे २५९२ जीबी नुसत्या रिकाम्या जिन्याच्या चित्रीकरणात जातात. घरातून बाहेर जाणारा डेटाही मर्यादेत मोजला जातो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातच येत नाही. मी कॅमेरे हालचाल दिसली तरच चित्रीकरण करतील असे केले, बाकीचे मेमरी कार्डवर वळवले, आणि त्यानंतर मर्यादा कधी जवळही आली नाही.

कॅमेरे नसतील तर फोनमधील फोटो-व्हिडिओंचा आपोआप होणारा बॅकअप, खेळांचे मोठाले अपडेट आणि उघड्यावर पडलेला वायफायचा पासवर्ड, या क्रमाने तपासावे. वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांना दिलेला पासवर्ड पुढे अख्ख्या मजल्यावर पोहोचतो.

जास्त डेटा वापरला की कंपनीचा खर्चही त्या प्रमाणात वाढतो का?

या विषयाचे मूळ या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

सिलिंडरमधला गॅस जितका जाळावा तितका कमी होतो आणि पुढचा सिलिंडर विकतच आणावा लागतो. इंटरनेटचे तसे नाही. रस्ता खोदण्याची परवानगी आणि महापालिकेला भरायचे शुल्क, फायबर, गल्लीतली पेटी, घरातला ओएनटी (फायबर जिथे जोडतात तो छोटा डबा), लाइनमनचा पगार, वीज, हा सारा खर्च आपण महिन्यात १०० जीबी वापरले काय किंवा २००० जीबी वापरले काय, जवळपास तितकाच राहतो. तार रिकामी ठेवल्याने कंपनीचे पैसे वाचत नाहीत.

वाढतो तो खर्च गर्दीच्या वेळी लागणाऱ्या क्षमतेचा. रात्री साधारण आठ ते अकरा या वेळेत सगळी घरे एकदम इंटरनेटवर येतात आणि कंपनीला तिचे जाळे त्या वेळेला पुरेल एवढे मोठे बांधावे लागते. छोटा पुरवठादार मोठ्या पुरवठादाराकडून जी बँडविड्थ (एका वेळी डेटा वाहून नेण्याची क्षमता) विकत घेतो, तिचे बिलही सहसा एकूण जीबीवर होत नाही. दर पाच मिनिटांनी वेग मोजतात, महिनाभराच्या मोजणीतली सर्वांत वरची ५ टक्के मापे सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या मापावर पैसे आकारतात. म्हणजे पैसे गर्दीच्या उंचीचे असतात. शिवाय लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात किंवा त्याच शहरात ठेवलेल्या असतात. आपण पाहतो त्यातले पुष्कळसे चित्र समुद्राखालच्या केबलपर्यंत जातच नाही.

आता मासिक मर्यादेकडे पाहा. पहाटे चार वाजता उतरवलेली ५० जीबीची फाइल आणि रात्री साडेनऊला उतरवलेली ५० जीबीची फाइल ती सारखीच मोजते, वास्तविक पहिलीने कोणालाही त्रास झालेला नसतो. गर्दी हे कारण सांगायचे आणि गर्दीशी संबंध नसलेले माप लावायचे, यात मेळ बसत नाही.

ज्यांनी बीएसएनएलची जुनी 'डेटावन' ब्रॉडबँड सेवा वापरली आहे, त्यांना रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील मोफत डेटा आठवत असेल. तेव्हा दिवसा मोजकेच एमबी मिळत आणि वर गेल्यास प्रत्येक एमबीचे पैसे पडत, म्हणून लोक दोनचा गजर लावून उठत आणि डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपत. त्या योजना आजच्या तुलनेत फारच महाग होत्या, परंतु जाळे रिकामे असताना डेटा स्वस्त असतो हे तरी त्या उघडपणे मान्य करीत होत्या.

मग मर्यादा असूच नये, असे आपले म्हणणे आहे का?

तसे म्हणणे नाही. घरगुती जोडणी घेऊन त्यावर अख्खे हॉस्टेल किंवा दहा दुकाने चालवणारे लोक असतात, आणि त्यांना रोखण्याचा कंपनीला अधिकार आहे. तारेविना मिळणाऱ्या सेवेत एका टॉवरची हवाई क्षमता आसपासची घरे आणि रस्त्यावरचे मोबाइल यांच्यात वाटली जाते, तेथे मर्यादेला तांत्रिक आधारही आहे.

आमची अपेक्षा एवढीच आहे की मर्यादा ठेवायची तर तिचे कारण खरे असावे, ती योजनेच्या नावाशेजारीच ठळक लिहावी, आणि ती संपल्यानंतरचा वेग घर चालवता येईल इतका असावा.

कमी वापरणाऱ्यांनी जास्त वापरणाऱ्यांचा भार का सोसावा?

मर्यादेच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तो ऐकायला न्याय्यही वाटतो. आमच्या इमारतीत पेन्शनवर राहणारे एक जोडपे आहे. परदेशातल्या मुलीशी व्हिडिओ कॉल, सकाळचे भजन आणि बँकेचे काम, एवढाच त्यांचा वापर. महिन्याला ६० जीबीही होत नाहीत, आणि वरच्या मजल्यावर दोन हजार जीबी वापरणाऱ्या घराइतकेच पैसे ते भरतात.

पण वरच्या घरावर मर्यादा लादल्याने या काका-काकूंचे बिल एका रुपयानेही उतरत नाही. त्यांना न्याय द्यायचा तर कमी वेगाची आणि खरोखर स्वस्त अशी योजना हवी. सप्टेंबर २०२० मध्ये जिओफायबरने ३० एमबीपीएसची योजना ३९९ रुपयांना आणली, तेव्हा तळाचा दर खाली आला. मात्र ज्यांना १० एमबीपीएस पुरेसे आहेत, त्यांच्यासाठी त्याहून खालची पायरी मोठ्या कंपन्यांच्या तक्त्यात सहसा नसते. दरातील न्यायाची चर्चा तेथून सुरू व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

जास्त वेगाची योजना घेतली की मर्यादाही वाढते का?

दरवेळी नाही, म्हणून हे नीट तपासावे. ३३०० जीबीची मर्यादा ३० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने वापरली तर ती संपायला सुमारे दहा दिवस लागतात. १०० एमबीपीएसवर ती ७३ तासांत संपते. १ जीबीपीएसच्या योजनेलाही तीच मर्यादा असेल, तर पूर्ण वेगाने ती ७ तास २० मिनिटांत संपेल. कोणतेही घर इतका वेळ पूर्ण वेगाने वापरत नाही हे खरे. तरीही ४९९ ऐवजी ३,९९९ रुपये, म्हणजे सुमारे आठपट पैसे भरणाऱ्याला बादली तेवढीच आणि नळ मात्र मोठा मिळत असेल, तर ही गोष्ट त्याला विक्रीच्या वेळीच सांगितली गेली पाहिजे.

मर्यादा संपल्यावर वेग किती कमी करता येतो?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानुसार तारेच्या ब्रॉडबँडचा वेग कोणत्याही योजनेत ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. (१००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस.) त्या काळी ब्रॉडबँडची व्याख्याच ५१२ केबीपीएस होती, त्यामुळे नियम सुसंगत होता. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ही व्याख्या २ एमबीपीएस केली. ज्या वेगाला सरकार आता ब्रॉडबँड म्हणत नाही, तो ब्रॉडबँड म्हणून विकलेल्या सेवेचा तळ राहावा, हे पटण्यासारखे नाही. तळही २ एमबीपीएसवर आणायला हवा.

फरक किती पडतो ते पाहा. १ जीबीची फाइल उतरवायला २ एमबीपीएसवर सुमारे एक तास सात मिनिटे लागतात, तर ५१२ केबीपीएसवर चार तास वीस मिनिटे. पहिल्या वेगावर एक ऑनलाइन वर्ग कसाबसा चालतो. दुसऱ्या वेगावर शिक्षिकेचा आवाज तुटक येतो आणि फळा दिसतच नाही.

मर्यादा संपत आल्याचे कंपनीने कळवायला हवे का?

होय. २०१६ च्या त्याच निर्देशानुसार वापर ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की एसएमएस किंवा नोंदणीकृत ईमेलवर कळवणे बंधनकारक आहे. मर्यादा किती, तोपर्यंतचा वेग किती आणि त्यानंतरचा किती, या तीनही गोष्टी संकेतस्थळावर आणि जाहिरातींत सांगणेही बंधनकारक आहे.

माझ्या प्रकरणात असा एकही संदेश आला नव्हता. चौकशी केल्यावर कळले की जोडणी देताना अर्जात लाइनमनने घाईघाईने स्वतःचाच मोबाइल क्रमांक भरला होता आणि सारे संदेश इमानेइतबारे त्याच्या फोनवर जात होते. स्थानिक केबलवाल्यामार्फत घेतलेल्या जोडण्यांत हे बऱ्याचदा होते. आजच आपल्या खात्यात कोणता क्रमांक नोंदला आहे ते पाहून घ्यावे.

मर्यादा संपलेली नसतानाही संध्याकाळी वेग का पडतो?

आपली तार कंपनीपर्यंत एकटी जात नाही. सर्वसाधारण फायबर जोडणीत एकाच मुख्य धाग्यावर येणारा सुमारे २.५ जीबीपीएसचा प्रवाह स्प्लिटरने (धाग्यातला प्रकाश अनेक शाखांत विभागणाऱ्या उपकरणाने) ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने वापरू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएसही येणार नाहीत. सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत म्हणून १०० एमबीपीएसची योजना विकता येते, आणि त्यात गैर काही नाही. वाटणी हाताबाहेर गेली किंवा पुढची बँडविड्थ अपुरी घेतली की मात्र संध्याकाळी सर्वांचाच वेग बसतो.

म्हणूनच दर ठरवताना 'अमुक एमबीपीएसपर्यंत' या शब्दांतील 'पर्यंत'कडे लक्ष द्यावे. तक्रार करण्यापूर्वी राउटरला लॅपटॉप तारेने जोडून सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळा आठवडाभर वेग मोजावा आणि वहीत लिहावा. वायफायवरची मोजणी कंपनी मान्य करीत नाही, आणि भिंतींचा विचार करता ते काही अंशी योग्यही आहे.

दर ट्राय का ठरवत नाही?

घरगुती ब्रॉडबँडचे दर कंपन्यांनी बाजारात स्पर्धेने ठरवावेत, असे धोरण आहे. कंपनीला नवी योजना आणल्यापासून सात कामकाजी दिवसांत ती ट्रायला कळवावी लागते आणि भेदभाव करता येत नाही. किंमत मात्र तिची तीच ठरवते. स्पर्धा असेल तेथे या धोरणाने ग्राहकाचा मोठा फायदा झाला आहे. अडचण येते ती जेथे दुसरी कंपनीच नाही तेथे.

आमच्या इमारतीत एकाच कंपनीला परवानगी आहे. हे योग्य आहे का?

अजिबात योग्य नाही. बिल्डर किंवा कमिटी एका पुरवठादाराशी करार करते, डक्टची (इमारतीतून तारा नेण्याच्या बंदिस्त जागेची) किल्ली त्याच्याकडेच राहते आणि इतरांना 'जागा नाही' असे सांगितले जाते, हे पुणे-मुंबईतल्या नव्या संकुलांत सर्रास दिसते. स्पर्धेवर विसंबून दर मोकळे सोडायचे आणि दारातच स्पर्धा अडवायची, असा हा प्रकार आहे. इमारतीतील सुविधा सर्व पुरवठादारांना सारख्याच खुल्या असाव्यात, अशी शिफारस ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच केली होती, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देणारे विनियमही आणले.

सभासदांच्या हातातला उपाय मात्र आपल्या सोसायटीतच आहे. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घ्यायला लावावा, कराराची प्रत मागावी आणि मुदत संपताना नूतनीकरण होऊ देऊ नये. आम्ही हे केले. दुसरी कंपनी आत आल्यावर पहिल्या कंपनीचा लाइनमन तक्रार केल्याच्याच दिवशी येऊ लागला.

जाहिरातीत ४९९ आणि बिलात ५८९, हे कसे?

१८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ४९९ चे ५८८.८२ आणि ६९९ चे ८२४.८२ रुपये होतात. त्याशिवाय राउटरची अनामत, जोडणीचे शुल्क आणि स्थानिक केबलवाल्याचे 'वायरचे पैसे' यांची पावतीसह विचारणा करावी. पावती न देता मागितलेले पैसे देऊ नयेत.

एकदम वर्षाचे पैसे भरले तर फायदा होतो का?

एखादा महिना फुकट मिळतो, म्हणून फायदा दिसतो. परंतु वर्षाचे पैसे गेले की आपल्या हातातले एकमेव हत्यार, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मोकळीक, आपण स्वतःच देऊन टाकतो. नव्या कंपनीची सेवा आधी महिन्याच्या हिशेबाने घ्यावी, एक पावसाळा पाहावा आणि मगच वर्षाचा विचार करावा. मध्येच बंद केल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का, हे पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर लेखी घ्यावे.

एखाद्या ॲपचा वापर कंपनी मर्यादेत न मोजण्याची सवलत देऊ शकते का?

नाही. कोणत्या मजकुरासाठी डेटा वापरला यावरून वेगळा दर लावण्यास ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी मनाई केली आहे. आपल्या भागीदाराचे ॲप फुकट आणि बाकीच्यांचे मर्यादेत, असे झाले तर मर्यादा हे ग्राहकाला एका बाजूला हाकण्याचे साधन बनले असते. मनोरंजनाच्या ॲपची वर्गणी योजनेत घालून देणे ही वेगळी गोष्ट आहे. ती चालते, पण ती ॲप्स आपण खरोखर पाहतो का, हे विचारूनच महागडी योजना घ्यावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना तर मर्यादा ओलांडल्यावर दंड पडतो, असे ऐकले. ते खरे का?

अनेक भागांत खरे होते. कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीच्या १.२ टीबी मर्यादेपुढे प्रत्येक ५० जीबीला १० डॉलर आणि महिन्याला कमाल १०० डॉलर आकारले जात. न्यू जर्सीसह ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा लागू नव्हती. एकाच कंपनीने एका राज्यात ती लावावी आणि दुसऱ्यात लावू नये, यावरूनच तिचा संबंध तारेच्या क्षमतेशी किती आणि तेथल्या स्पर्धेशी किती, असा प्रश्न उभा राहतो.

त्याहून बोलका प्रसंग मार्च २०२० चा आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत सगळा देश घरून काम करू लागला, वापर एकदम वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी कॉमकास्टने जूनअखेरपर्यंत मर्यादा उठवली. जाळे कोसळले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने डेटा मर्यादांची औपचारिक चौकशी सुरू केली, आणि जून २०२५ मध्ये कॉमकास्टने अमर्याद डेटाच्या नव्या योजना देशभर आणल्या. आपल्याकडे दंड पडत नाही, वेग पडतो. ही पद्धत ग्राहकासाठी अधिक सुरक्षित आहे, कारण महिनाअखेर बिलाचा धक्का बसत नाही.

सेवा बंद राहिली तर पैसे परत मिळतात का?

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-दर्जाच्या विनियमांनुसार तारेच्या सेवेतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. पैसे भरल्यापासून सात दिवसांत नवी जोडणी सुरू करण्याचे बंधनही त्यांतच आहे. भरपाई मागताना बिघाडाची तारीख सिद्ध करावी लागते, म्हणून लाइनमनला फोन केला तरी कंपनीच्या केंद्रावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावाच. 'दादा, येतो दुपारी' या आश्वासनाची कोठेही नोंद होत नाही.

तक्रार कोठे आणि कोणत्या क्रमाने करावी?

आधी कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. अपिलाला शुल्क नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे माहीत नसल्यामुळे अनेकांचे महिने वाया जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मात्र उपयोगी आहे.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क भरावे लागत नाही.

तक्रारीत काय लिहावे?

राग लिहू नये, तारखा लिहाव्यात. योजनेचे नाव व भरलेली रक्कम, मर्यादा संपल्याचा दिवस, त्याआधी ५० आणि ९० टक्क्यांचे संदेश आले की नाहीत, त्यानंतर मोजलेला वेग आणि तक्रार क्रमांक, एवढे एका पानात मावते. सोबत वेगमोजणीचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा फोटो जोडावा. नेमके काय हवे तेही लिहावे: उदाहरणार्थ, 'सूचना न देता वेग कमी केल्यामुळे २१ ते ३१ जानेवारी या अकरा दिवसांचे शुल्क परत करावे आणि माझा क्रमांक खात्यात दुरुस्त करावा.' माझ्या अपिलातली शेवटची ओळ हीच होती. अकरा दिवसांचे पैसे पुढच्या बिलात वजा झाले, आणि फेब्रुवारीत ५० टक्क्यांचा पहिला संदेश माझ्या स्वतःच्या फोनवर आला.